वजन कुठून कुठं जातं?

चैत्री पौर्णिमेनंतर धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्यात येडेश्वरीची पालखी निघते आणि लाखो भाविक चुन्याच्या रानात उतरून खडे वेचतात. वेचलेले खडे एका जागी टाकत जातात, बघता बघता ढीग होतो. बांधकामाच्या कच्च्या मालाला एवढा मान देणारी दुसरी यात्रा मला माहीत नाही. याच गावातली दहावीची मुलं विज्ञानाच्या पेपरात कॅल्शियम कार्बोनेट तापवल्यावर काय होतं त्याचं समीकरण न अडखळता लिहितात. पण रानातला खडा आणि वहीतलं समीकरण ही एकच गोष्ट आहे, खडा भट्टीत भाजला की त्याची कळी होते, कळीवर पाणी पडलं की ती उकळते, भिंतीत गेली की हवेतला वायू परत घेऊन ती पुन्हा दगड होते, हे त्यांना कुणी करून दाखवलेलं नसतं. यात्रेतला चुना यात्रेत राहतो, पेपरातला पेपरात.

माझं म्हणणं असं आहे की धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात घर कसं उभं राहतं आणि कसं पडतं हे प्रत्येक शाळेत शिकवलं पाहिजे. तेही मुलांच्या हातून, माणूस आत शिरू शकेल एवढं काहीतरी बांधून, त्याच्यावर वजन टाकून आणि शेवटी ते मोडून. यासाठी त्रिकोणांनी बनलेला घुमट, ज्याला जिओडेसिक डोम म्हणतात, ही मला सगळ्यांत चांगली वस्तू वाटते. राहायला तो चांगला असतो असं मी म्हणत नाही. शिकायला तो चांगला असतो, आणि या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे त्याचं बरंच नुकसान झालेलं आहे.

याच पट्ट्यात का, हे सांगायची खरं तर गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं झोपेत ढिगाऱ्याखाली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. ५२ गावं उचलून दुसऱ्या जागी वसवावी लागली. येरमाळा तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे. सरकारी नकाशावर हा भाग तोपर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. माणसं भूकंपाने मेली असं आपण म्हणतो, पण ती भिंतींनी आणि माळवदांनी मारली.

त्या भिंती हात-दीड हात किंवा त्याहूनही जाड होत्या. जाड म्हणजे मजबूत, ही आपली पिढीजात समजूत. प्रत्यक्षात एका भिंतीत दोन भिंती असत, एक बाहेरच्या तोंडाची, एक आतल्या तोंडाची, आणि मधल्या पोकळीत चिखल नि दगडाच्या कपच्या. दोन्ही तोंडांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचितच टाकलेला. हादरा बसला की दोन तोंडं दोन बाजूंना फुगत आणि मधला भराव खाली बसून त्यांना आणखी ढकले. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. गळतं म्हणून दर काही वर्षांनी त्यावर मातीचा नवा थर पडे, जुना काढण्याची पद्धत नव्हती. दोन फूट जाडीच्या मातीचं वजन दर चौरस मीटरला साधारण एक टन भरतं. तीन सेंटिमीटर जाडीचं, जाळी आणि सिमेंटचं कवच घेतलं तर त्याच चौरस मीटरला सत्तर-पंच्याहत्तर किलो. भूकंपात घरावर येणारं आडवं बळ त्या घराच्याच वजनाच्या प्रमाणात असतं. न्यूटनचा दुसरा नियम नववीला असतोच. तो आपल्याच डोक्यावरच्या छताला लावून बघायचा, एवढंच शाळेने राहू दिलं.

काही घरांत लाकडी खांबांवर तोललेलं छत तसंच उभं राहिलं आणि भिंती मात्र ढासळल्या. खण मोजून घर सांगणाऱ्या आपल्या सुतारांनी वजन खांबांवरून खाली नेलं होतं, भिंत नुसती आडोशाला होती. ज्या घरांत तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या तिथे भिंत गेली की छत गेलं. फरक एवढाच, की वजन कोणत्या वाटेने जमिनीत जातं. हा प्रश्न मुलांच्या जिभेवर बसला पाहिजे. दिसेल त्या इमारतीकडे, पाण्याच्या टाकीकडे, पुलाकडे बघून त्यांनी तो विचारला पाहिजे.

आता घुमटाकडे. सुरुवात चौकोनाने करावी. बांबूच्या चार कामट्या टोकांना भोकं पाडून नट-बोल्टने जोडायच्या आणि मुलाच्या हातात द्यायच्या. चौकट लगेच कलते, चपटी होते. बोल्ट कितीही आवळा, थोडा जोर लावला की कलतेच. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाचवी कामटी बसवायची. आता ती हलत नाही. चौथीच्या पोराला आणि पीएचडी झालेल्या माणसाला या क्षणी जे कळतं ते सारखंच असतं, कारण ते तळहाताला कळतं. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोन आपोआप ठरतात, हे भूमितीचं प्रमेय इथे बळ होऊन हाताला लागतं.

मग घुमट. शाळेसाठी सोपा घुमट ६५ काड्यांचा होतो. काड्या दोनच मापांच्या: ३० आखूड, ३५ लांब. दीड मीटर त्रिज्या धरली तर आखूड काडी सुमारे ८२ सेंटिमीटरची आणि लांब काडी जवळजवळ ९३ ची. जोड २६. त्यांपैकी तळाच्या १० जोडांवर चार काड्या येतात, सहा जोडांवर पाच आणि उरलेल्या दहांवर सहा. आखूड काड्यांना लाल रंग द्यावा, लांबांना निळा. पाच काड्यांचा जोड आला की तिथे सगळ्या लाल हव्यात. एकूण साठेक मीटर बांबू लागतो. वर्तमानपत्रांच्या गुंडाळ्या करून लहान घुमट फुकटातही होतो आणि पहिल्यांदा तोच करावा.

आणि मग तो बंद होत नाही. शेवटच्या ओळीत दोन टोकांमध्ये चार बोटांचं अंतर उरतं. ओढून जुळवलं तर दुसरीकडचा जोड उसवतो. कुठेतरी एक निळी काडी लालच्या जागी गेलेली असते, नाहीतर प्रत्येक काडी कापताना टेपचं टोक किंचित सरकलेलं असतं आणि ते किंचितपण एकावर एक साठत आलेलं असतं. गणिताच्या पेपरात अशा चुकीला अर्धा गुण जातो आणि विषय संपतो. इथे दहा मुलं घुमटाभोवती बसून काडी-काडी मोजतात, कुणाची चूक यावर भांडतात आणि शेवटी मापाचा साचा करायची कल्पना त्यांच्यातलंच कुणीतरी काढतं. अचूकपणा म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगली वाट मला दिसत नाही.

घुमट बंद झाला की सगळे मिळून तो उचलतात. वरचा भाग ताठ, पण तळाची कड घागऱ्याच्या घेरासारखी लहरते. त्रिकोण असूनही हलतो कसा? याचं उत्तर नववीच्या मुलाला बेरीज-वजाबाकीने काढता येतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ मध्ये मांडलेला हिशेब असा, की अवकाशातल्या सांगाड्यात जोडांच्या तिप्पट वजा सहा एवढ्या काड्या असतील तर तो स्वतःच्या बळावर ताठ राहू शकतो. २६ जोडांना ७२ काड्या हव्यात, आपल्याकडे ६५ आहेत. सात कमी. तळाचे दहा जोड जमिनीत खुंट्या ठोकून पक्के बांधले की ही उणीव भरून निघते आणि तोच घुमट एकदम मुका होतो, ढकलला तरी हलत नाही. पाया म्हणजे नुसतं खाली खोदलेलं काहीतरी नसून तो सांगाड्याचाच भाग आहे, हे मी अनेक शिकलेल्या माणसांना समजावू शकलेलो नाही. मुलांना ते एका दुपारी समजतं.

यानंतर वजन. शेंड्याच्या जोडाला दोरी बांधून एक एक वीट टांगत जायची, प्रत्येक विटेनंतर थांबून बघायचं. बहुतेक वेळा काडी मोडायच्या आधी जोड सुटतो. घराचंही तसंच असतं, दगडाआधी दोन दगडांमधलं नातं तुटतं. जोड पक्के केले की मग एखादी लांब काडी बाजूला वाकते. ज्वारीचं वाळलेलं ताट घेऊन वरून दाबलं की ते मोडण्याआधी कमानीसारखं वाकतं. तेच ताट निम्म्या लांबीचं केलं तर वाकायला सुमारे चौपट जोर लागतो. लिओनहार्ड ऑयलरने अठराव्या शतकात हा नियम सूत्रात बसवला. आपल्या गावात तो कडब्याच्या गंजीत पडलेला आहे.

हे सगळं स्वप्नरंजन नाही, महाराष्ट्रात हे झालेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. परीक्षेत नापास ठरलेली, शाळेने सोडून दिलेली मुलं त्यांनी घेतली आणि त्यांच्या हातात वेल्डिंगची कांडी, करणी, गुण्या, लेव्हल ट्यूब दिली. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य हे चारही विभाग प्रत्येकाने करायचे. म्हणजे मुलींनी वेल्डिंगही करायचं आणि मुलांनी स्वयंपाकही. याच आश्रमात त्रिकोणी लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा पातळ थर अशी घुमटाची पद्धत विकसित झाली. पाबळ डोम या नावाने ती ओळखली जाते. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक याच गावात उभी राहिली.

कलबागांच्या मांडणीतला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा मुद्दा असा, की काम खरं असलं पाहिजे. वर्गात केलेलं आणि कपाटात ठेवलेलं मॉडेल त्यांना पुरेसं वाटत नसे. गावाला जे हवं आहे ते मुलांनी बनवायचं, गावाने त्याचे पैसे द्यायचे, आणि ते गळलं तर गावकरी शाळेत येऊन सांगणार. मूलभूत तंत्रज्ञानाचा त्यांचा अभ्यासक्रम राज्याच्या माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीसाठी मान्य झाला. मान्य झाला, पण सगळीकडे पसरला नाही. आपल्याकडे चांगल्या गोष्टींना मान्यता मिळते आणि तासिका मिळत नाहीत.

घुमटाचा बाहेरचा इतिहासही बघावा, कारण त्यातही शाळाच आहे. पहिला असा घुमट जर्मनीतल्या येना शहरात झाईस कंपनीच्या वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी १९२० च्या दशकात तारांगणासाठी उभारला. नाव मात्र झालं अमेरिकेच्या बकमिन्स्टर फुलर यांचं. १९४८ च्या उन्हाळ्यात ब्लॅक माउंटन कॉलेजात त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन खिडकीच्या पडद्याच्या पातळ पट्ट्यांचा मोठा घुमट उभा करायचा घाट घातला. तो उभा राहिलाच नाही, जमिनीवर पसरून राहिला. पुढच्या वर्षी फुलर परत आले, नवा घुमट उभा राहिला आणि त्याला माणसं लोंबकळली तरी टिकला. १९५४ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. उताणा पडलेला तो पहिला घुमट नसता तर विद्यार्थ्यांच्या हाती काय लागलं असतं, असा विचार मी अनेकदा करतो. आपल्या विज्ञान प्रदर्शनात पडलेल्या वस्तूला टेबलावर जागा नसते. उभी असलेली वस्तू बक्षीस घेते, मग ती पालकांनी रात्री जागून केलेली का असेना.

दुसरी गोष्ट लॉइड कान यांची. कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक हायस्कूलमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १७ घुमट बांधले, त्यावर १९७० आणि १९७१ मध्ये दोन पुस्तकं काढली, ती भरपूर खपली. मग त्यांनीच घुमटाची घरं नाकारली आणि चालणारं पुस्तक बाजारातून काढून घेतलं. कारणं साधी होती. शेकडो सांधे म्हणजे गळण्याच्या शेकडो जागा. गोल भिंतीला कपाट टेकत नाही. कुटुंब वाढलं तर खोली वाढवता येत नाही. १९७३ च्या त्यांच्या पुढच्या पुस्तकात जगभरच्या साध्या, स्थानिक घरांचा गौरव आहे. ज्याने मुलांना इतके घुमट बांधायला शिकवले त्याचीच ही साक्ष, आणि मी ती पूर्ण मानतो. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या गुबाळ गावात भूकंपानंतर घुमटाकार घरं बांधली गेली. भूकंप पुन्हा आला तर अशा हलक्या कवचाखाली माणूस जास्त सुरक्षित, यात शंका नाही. पण शेतकऱ्याच्या घरात कडबा, पोती, बैलाचं सामान, लग्नाचा मांडव आणि उद्या वेगळा होणारा भाऊ या सगळ्यांची सोय लागते. घर लोकांना द्यायची वस्तू मानली की हे प्रश्न सुटत नाहीत, कितीही चांगला आकार आणला तरी.

म्हणूनच घुमट शाळेत असावा. तिथे तो कुणाच्या डोक्यावर लादलेला नसतो. मुलांनी बांधलेला घुमट पावसाळ्यात गळाला तर तो धडाच असतो, आणि रोपवाटिका म्हणून, सायकलींच्या सावलीसाठी, वाचनाच्या कोपऱ्यासाठी तो वर्षभर कामीही येतो.

यावर आक्षेप येतात. वेळ नाही, हा पहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. एका घुमटाला तेवढे पुरतात, बरेच उरतात. शिक्षक कुठून आणायचे, हा दुसरा, आणि त्याचं उत्तर गावातच बसलेलं आहे. गवंडी, सुतार, लोहार, सेंट्रिंगवाला यांना मानधन देऊन वर्गात उभं करावं, शेजारी गणिताच्या शिक्षकाने बसावं. ओळंबा का लोंबकळतो ते गवंडी दाखवेल, तो सरळ खालीच का जातो ते शिक्षक सांगेल. दोघांपैकी एकाला वगळलं की अर्धंच ज्ञान उरतं. शिक्षकही त्यात शिकतील, त्यात कमीपणा नाही.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही. हाताचं काम म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांचं, आयटीआयला जाणाऱ्यांचं, आणि खोलवर पाहिलं तर ठराविक जातींचं, अशी एक समजूत आपल्या शाळांच्या भिंतीत मुरलेली आहे. जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी व्यवहाराच्या उपयोगाचं शिक्षण मागितलं. १९३७ च्या वर्धा परिषदेतून हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम निघाली. एवढं होऊनही करणी धरणाऱ्या हाताला आपण विद्वान मानलं नाही. त्याचा परिणाम किल्लारीत दिसला. दगड रचणाऱ्याला नियम कुणी सांगितले नाहीत, नियम जाणणारा कधी दगडाला हात लावायला गेला नाही.

कळंब-वाशी-भूम भागातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं वर्गात पाहावीत. कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, कशी उभी करायची हे त्यांतल्या बऱ्याच जणांना येतं: कामट्या जमिनीत किती खोल रोवायच्या, कुठे वाकवायच्या, वारा कोणत्या बाजूने येतो ते बघून तोंड कुठे ठेवायचं. सहा महिने शाळा बुडाल्याबद्दल ती मुलं मान खाली घालून बसतात. ज्या दिवशी वर्गात घुमट उभारायला घेतला जाईल त्या दिवशी बांबू वाकवायला पुढे तीच येतील, आणि शाळेला प्रथमच कळेल की ती काहीतरी शिकून परत आली आहेत. मला या उपक्रमाचं सगळ्यांत मोठं कारण हे वाटतं. संरचनेचं गणित नंतरही शिकता येईल.

जिल्ह्यात दाखवायला काय काय आहे! तेरला त्रिविक्रम मंदिरात विटांचं गजपृष्ठाकार छत दीड हजार वर्षांच्या आसपास उभं आहे. नळदुर्गचं पाणी महाल धरणाच्या भिंतीत आहे आणि वरून पाणी कोसळताना लोक आत कोरडे उभे राहतात. थोडं पुढे विजापूरचा गोल घुमट, जिथे एकमेकांना छेदणाऱ्या कमानी चौकोनी खोलीवर गोल छत पेलतात. शाळांच्या सहली या तिन्ही ठिकाणी जातात. मुलं प्रतिध्वनी ऐकतात, फोटो काढतात, सन लिहून घेतात. आधी हातांनी घुमट बांधून, मोडून गेलेली मुलं तिथे काय बघतील याचा विचार करावा. घुमटाच्या तळाशी वजन बाहेर ढकलतं, मग इथे ते कुणी धरलं आहे, असं एखादी मुलगी विचारेल. गाइडला उत्तर येणार नाही, शिक्षकाला आलं तर उत्तम.

आणि हे सगळं शेवटी येरमाळ्याच्या चौकातच येऊन लागू होतं. सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेला नव्या इमारती उठतात. खाली दुकानं, म्हणून पुढची बाजू पूर्ण उघडी, नुसते खांब आणि शटर. वर विटांच्या भिंतींनी भरलेल्या खोल्या. वरचा भाग ताठ, तळ मोकळा, म्हणजे उचललेल्या घुमटाचीच अवस्था, फक्त इथे वर माणसं झोपलेली असतात. भूकंपात अशा इमारतींचा तळमजला आधी बसतो, हे भूजमध्ये २००१ साली दिसलं. माळवदाची जागा आरसीसीने घेतली म्हणजे आपण सुरक्षित झालो, असा समज पुन्हा घट्ट होतो आहे. खांबातल्या उभ्या सळयांना बांधणाऱ्या रिंगा किती अंतरावर आहेत, त्यांची टोकं काटकोनात वाकवून सोडली आहेत की १३५ अंशांत आत वळवली आहेत, हे खांबात काँक्रीट पडण्याआधीच दिसतं, नंतर नाही. ते बघायला इंजिनिअर दर वेळी येत नाही. घरातली नववीतली मुलगी रोज तिथून शाळेत जाते. टेप तिच्या दप्तरात मावतो, आणि रिंगांमधलं अंतर मोजायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.